ताटात जैन, कपाटात कोण?



लंडनहून परत येऊन वर्ष होत आलं, तरी मंदिरात कोणी ना कोणी अजून विचारतं, "काय गं, तिकडून काय आणलंस?" मी हसून सांगते, "काही नाही, फोटो आणले." हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. तिकडून मी एक प्रश्न घेऊन आले. माझ्या सुनेने तो मला लंडनच्या एका नावाजलेल्या दुकानात, रेशमी रुमालांच्या काउंटरपुढे विचारला आणि मी तिच्यावर रागावले. चातुर्मास आठ दिवसांवर आला आहे. आपण सगळ्या काही ना काही नियम घेणार आहोत. म्हणून आज तो प्रश्न तुमच्यापुढे ठेवते.

आमचा धाकटा मुलगा आणि सून साउथ हॅरोला राहतात. सुनेने पहिल्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं होतं, "आई, हॅरॉड्स पाहिल्याशिवाय तुम्हाला परत पाठवणार नाही." तिच्या घराजवळून पिकॅडिली लाईनची गाडी पकडली की थेट नाइट्सब्रिज स्टेशन येतं, मध्ये कुठे बदलावी लागत नाही. नेहमीप्रमाणे डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी घेतली, बाटलीत गाळलेलं पाणी घेतलं आणि आम्ही दोघी निघालो.

तुम्हाला माहीतच आहे, आमचं हिंगणघाटला कापडाचं दुकान आहे. तीस वर्षं मी कापड दुकानदाराची सून म्हणून राहिले आहे, त्यामुळे कुठलंही दुकान मी गिऱ्हाइकाच्या नजरेने कमी आणि दुकानदाराच्या नजरेने जास्त बघते. हॅरॉड्सपुढे उभी राहिले तेव्हा मनात पहिला विचार आला, "ह्यांचं रोजचं झाडलोट कोण करत असेल!" भाजक्या मातीच्या रंगाची केवढी तरी लांब इमारत, वर घुमट, खाली ओळीने काचेच्या खिडक्या. संध्याकाळी बाहेरून सुमारे बारा हजार दिवे लागतात म्हणे. आत तीनशेहून जास्त विभाग आहेत.

पण सुरुवात आपल्या गावातल्या कोणत्याही दुकानासारखीच आहे बरं का. चार्ल्स हेन्री हॅरॉड हा किराणा आणि चहाचा व्यापारी. त्याने १८४९ मध्ये ह्या रस्त्यावर एक लहानसं दुकान घेतलं. पुढे मुलाने ते वाढवलं. १८८३ च्या डिसेंबरात, ऐन नाताळच्या तोंडावर, दुकान आगीत जळून गेलं. तरीही मुलाने गिऱ्हाइकांचा नाताळचा माल पोचवला, आणि लोकांचा विश्वास असा बसला की त्याच जागेवर पुढे हा राजवाडा उभा राहिला. हे वाचलं तेव्हा मला आमच्या मामाजींची आठवण आली. ते म्हणायचे, "दुकान भिंतीचं नसते, जबानीचं असते." तेव्हा त्या दुकानाबद्दल माझ्या मनात आदरच आहे, हे आधीच सांगून ठेवते. आजचं माझं भांडण दुकानाशी नाही.

त्या दुकानाचं लॅटिन भाषेत एक बोधवाक्य आहे. त्याचा अर्थ असा की सगळ्या वस्तू, सगळ्यांसाठी, सगळीकडे. सुनेने मला तो सांगितला तेव्हा मी म्हटलं, "आपल्या आचार्यांनी नेमकं उलटं सांगितलंय गं. मोजक्याच वस्तू, मोजक्याच दिशांना!" आम्ही दोघी हसलो. पण विचार करा, खरंच उलटं आहे. दिग्व्रतात आपण दिशांची मर्यादा घालतो, भोगोपभोग-परिमाणात वस्तूंची. एकीकडे मर्यादा नसणं हेच वैभव मानलं आहे, दुसरीकडे मर्यादा असणं.

तिथल्या सरकत्या जिन्याची गोष्ट तर मला इतकी आवडली की घरी आल्यावर सगळ्यांना सांगत सुटले. १८९८ मध्ये ह्या दुकानाने इंग्लंडमधला पहिला सरकता जिना बसवला. तेव्हा लोकांना त्याची इतकी भीती वाटायची की वर पोचलेल्या घाबऱ्याघुबऱ्या गिऱ्हाइकांना सावरण्यासाठी दुकानाची माणसं ब्रँडी आणि हुंगायचे क्षार घेऊन उभी असत. बायका मूर्च्छित पडतील ही काळजी!

मूर्च्छा. हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली. पाठशाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलं आहे की उमास्वामी आचार्यांनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूचं नावच घेतलं नाही. त्यांनी मूर्च्छेलाच परिग्रह म्हटलं. वस्तू जवळ असणं म्हणजे परिग्रह नव्हे, वस्तूपायी भान हरपणं म्हणजे परिग्रह. लहानपणी मला हे कधी नीट कळलं नव्हतं. शुद्ध हरपायला साडी काय डोक्यात पडते का, असं वाटायचं. त्या दुकानात चार मजले फिरल्यावर कळलं. घरून निघताना मला काहीही नको होतं. दीड तासाने मला एक छत्री हवी होती, एक चहाची किटली हवी होती, सुगंधी साबणाची पेटी हवी होती, आणि ह्यातली एकही वस्तू आपल्याकडे नाही ह्याचं मला वाईट वाटायला लागलं होतं. सकाळी जे दुःख नव्हतं ते दुपारी कुठून आलं?

दुकानदाराची सून म्हणून मी ह्याचं उत्तर शोधलं, तेही सांगते. आपल्या जुन्या दुकानात बाई गादीवर येऊन बसायची, पाणी प्यायची आणि आधी सांगायची, "पोरीचं लग्न आहे, पाहुण्यांना द्यायला बारा पातळं पाहिजेत." मग गड्याने गठ्ठे खाली काढायचे. म्हणजे आधी गरज, मग बघणं, मग घेणं. मोठ्या दुकानांनी हा क्रम फिरवला. पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको ह्या व्यापाऱ्याने १८५२ पासून 'ल बाँ मार्शे' हे दुकान वाढवलं. कोणीही आत यावं, हवं तितकं फिरावं, घेतलंच पाहिजे असं नाही, प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली, घासाघीस नाही, नको असेल तर परत करा, ह्या गोष्टी त्याने रूढ केल्या. ह्यात प्रामाणिकपणा आहे आणि बायकांची सोयही आहे. घराबाहेर मोकळेपणाने फिरायला तेव्हाच्या बायकांना जागा किती होत्या? पण क्रम बदलला. आधी बघणं, मग गरज, मग घेणं. गरज आता घरून निघत नाही, दुकानात जन्माला येते. आणि आज तर दुकानात जायचीही गरज नाही, दुकानच उशाशी मोबाईलमध्ये झोपलेलं असतं.

असो. आता मुख्य गोष्टीकडे येते.

तळमजल्यावर त्यांचे खाण्याच्या पदार्थांचे प्रसिद्ध हॉल आहेत. भिंतींवर आणि छतावर शंभर वर्षांहून जुन्या रंगीत फरशा, शिकारीची आणि पाखरांची चित्रं, खाली मांस-मासळीचे काउंटर. तिथून मी पदर नाकाला लावून भराभर पुढे गेले. बिस्किटं, चॉकलेटं दिसली तिथे थांबले. घरच्या मुलांसाठी काही घ्यावं म्हणून एकेक डबा उचलून मागचं लेबल वाचायला लागले. आपल्याला हे आता अंगवळणी पडलेलं आहे. जिलेटिन आहे का, म्हणजे हाडं-कातड्याचं. अंडं आहे का. ई १२० आहे का, म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग. चश्मा कपाळावर चढवून मी एक डबा दोन-दोन मिनिटं वाचत होते. तिथली मुलगी अदबीने उभी होती. मला जरा अभिमानही वाटत होता, खोटं कशाला बोलू. एवढ्या मोठ्या राजवाड्यात येऊनही आपण आपला आचार सोडला नाही!

तिथून वर गेलो आणि रेशमी रुमाल दिसले. ते कसे होते काय सांगू? मोरपिशी रंगावर बारीक केशरी फुलं. बोटांतून पाण्यासारखा निसटत होता तो. मी कापडातली बाई, हाताला कळतं. एक हातात घेतला, गळ्याभोवती धरला, आरशात बघितलं. किमतीचं मनातल्या मनात रुपयांत गणित केलं, नको म्हटलं, परत ठेवला, परत उचलला. मग सुनेने अगदी सरळ, काही कुजकेपणा नाही, जशी लेक विचारेल तसं विचारलं,

"आई, ह्याचं लेबल नाही वाचलं?"

मी म्हटलं, "ह्याचं काय वाचायचं? शंभर टक्के रेशीम आहे, हाताला कळतंय."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "बिस्किटात एक किडा चालत नाही आपल्याला."

मैत्रिणींनो, मला राग आला. रुमाल ठेवला आणि चालायला लागले. गाडीत बसल्यावर तिला म्हणाले, "आमच्या घरात चार पिढ्या शालू-पैठण्या नेसून पूजा झाली आहे. तू आम्हाला धर्म शिकवू नको." ती काही बोलली नाही. खिडकीबाहेर बोगद्याचा अंधार होता, त्या काचेत मला तिचा चेहरा दिसत होता. तिचे डोळे भरले होते.

रात्री झोप लागली नाही. कारण ती बरोबर होती आणि मला ते काउंटरपुढेच कळलं होतं. रेशमाचा लांब, अखंड धागा हवा असेल तर आतला जीव बाहेर यायच्या आधी कोश उकळतात किंवा वाफवतात. पतंग कोश फोडून बाहेर आला तर धागा तुटतो. एका साडीमागे असे हजारो कोश. मला हे आज कळलं असंही नाही. दुकानात बसून मीच गिऱ्हाइकांना तुती रेशीम आणि कोसा ह्यातला फरक सांगते की! आपल्या भंडारा-गडचिरोलीकडच्या कोशाची गोष्टही फार वेगळी नाही. माहीत सगळं होतं. पण ते ज्ञान स्वयंपाकघरात राहायचं, कपाटापर्यंत येत नव्हतं.

त्याच हॅरॉड्सची एक गोष्ट सुनेने मला सकाळी सांगितली होती. १९६९ मध्ये तिथल्या प्राण्यांच्या विभागात चक्क सिंहाचा छावा विकायला होता. ऑस्ट्रेलियाच्या दोन तरुणांनी तो घेतला, ख्रिश्चन असं त्याचं नाव ठेवलं, आणि पुढे केनियाच्या रानात नेऊन सोडला. ते ऐकून मी कानाला हात लावला होता. "अरे देवा, जीव विकायला ठेवायचा?" आता रात्री अंथरुणात पडल्या पडल्या वाटलं, सिंह दिसला म्हणून आपल्याला दया आली. कोशातला जीव दिसत नाही, म्हणून त्याला आपण 'काठ-पदर' म्हणतो.

सकाळी उठून सुनेला जवळ घेतलं आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, "आई, मी पण नेसते हो रेशमी. मला खरंच माहीत नव्हतं, म्हणून विचारलं." म्हणजे तिने वाद घातलाच नव्हता. वाद माझ्याच मनात होता.

परत आल्यावर एका दुपारी मी दार लावून कपाट उघडलं आणि मोजलं. साड्या ९४. त्यातल्या रेशमी ३१. त्या ३१ पैकी गेल्या पाच वर्षांत अंगाला लागलेल्या ९. चामड्याच्या पर्स ४, त्यातली एक मंदिरात नेत नाही म्हणून वेगळी ठेवलेली! म्हणजे चामडं अशुद्ध आहे हे मला मान्य होतं, फक्त मंदिरापुरतं.

इथे मला आपल्या जिल्ह्यातल्या एका माणसाची आठवण येते. सेवाग्रामच्या बापूकुटीत आपण सगळ्या कधी ना कधी जाऊन आलो आहोत. चटई, बैठक, चरखा, बस. पण हा माणूस जन्मापासून असा नव्हता. १८८८ मध्ये मोहनदास गांधी बॅरिस्टर व्हायला लंडनला निघाले तेव्हा आईला काळजी होती. घरी येणारे जैन साधू बेचरजी स्वामी ह्यांनी मार्ग काढला. त्यांच्यापुढे मुलाने मद्य, मांस आणि परस्त्री ह्यांपासून दूर राहण्याची शपथ घेतली, मग आईने परवानगी दिली. ही शपथ त्यांनी तिकडे पाळली. मध्ये काही दिवस अंडी खाऊन पाहिली, पण आईच्या मनात मांस म्हणजे काय होतं, तोच अर्थ खरा, असं ठरवून सोडली. मग खानावळीत बसून ह्या पदार्थात अंडं आहे का, त्यात आहे का, अशी चौकशी करायचे. म्हणजे आपल्यासारखेच लेबल वाचणारे!

आणि हाच एकोणीस वर्षांचा मुलगा लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स ह्या मोठ्या दुकानात गेला, मुंबईत शिवलेले कपडे इथे शोभत नाहीत म्हणून नवे घेतले. एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली. बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा सूट शिवला. घड्याळाला सोन्याची दुपदरी साखळी भावाकडून मागवली. रोज दहा-दहा मिनिटं आरशापुढे टाय आणि भांग नीट करण्यात जायची. हे सगळं त्यांनी 'सत्याच्या प्रयोगां'त स्वतःच लिहून ठेवलं आहे. ताट शपथेत बांधलेलं, कपाट मोकळं. हुबेहूब आपण!

मग ह्या मुलाला शुद्धीवर कोणी आणलं? त्याच्या हिशेबाच्या वहीने. बसच्या भाड्यापासून टपालाच्या तिकिटापर्यंत पै-पैचा हिशेब लिहायची आणि झोपण्यापूर्वी जमाखर्च जुळवायची त्यांना सवय होती. आकडे डोळ्यांपुढे आले, तेव्हा खर्च निम्म्यावर आणायचं ठरलं. राहण्याची जागा बदलली, पायी चालणं सुरू झालं. पुढचा रस्ता फार लांबचा होता. १९३६ मध्ये ते सेवाग्रामला, म्हणजे तेव्हाच्या शेगावला, राहायला आले तोपर्यंत जवळजवळ अर्धशतक लोटलं होतं. पण सुरुवात मोजण्यापासून झाली होती. मुंबईला काळा घोड्याजवळ त्याच आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सच्या शाखेची इमारत आजही उभी आहे, आणि ती ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव महात्मा गांधी मार्ग!

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आपलं पाचवं अणुव्रत 'परिग्रह-त्याग' नाही, 'परिग्रह-परिमाण' आहे. परिमाण म्हणजे माप. गृहस्थाला आचार्यांनी सोडा असं सांगितलेलंच नाही, मोजा असं सांगितलं आहे. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात एकदाच वापरायची वस्तू तो भोग आणि पुन्हा पुन्हा वापरायची तो उपभोग, असा भेद केला आहे. अन्न भोगात, वस्त्र उपभोगात. व्रत दोन्हींचं मिळून एकच आहे. आपण मात्र त्यातला अर्धा भाग कडक पाळतो आणि उरलेल्या अर्ध्याला सणाचं कौतुक म्हणतो. बटाटा घरात येत नाही, साड्या येतच राहतात. रात्री जेवत नाही, पण रात्री साडेअकराला मोबाईलवर 'सेल' बघत जागतो.

हे बोलले की ज्या शंका येतात, त्या मला घरातच ऐकायला मिळाल्या, म्हणून त्यांचंही सांगते.

आमचे हे म्हणाले, "तू असं लिहिलंस तर आपलं दुकान कोण चालवणार?" प्रश्न योग्य आहे. आपला समाज व्यापारी, निम्म्या घरांची चूल कापडावर नाहीतर किराण्यावर चालते. पण माप ठरवणं म्हणजे घेणं बंद करणं नाही. जी बाई वर्षाला चार साड्या घेते, ती चार चांगल्या घेईल, टिकणाऱ्या घेईल, आणि ज्या दुकानदाराच्या शब्दावर विश्वास आहे त्याच्याकडून घेईल. आम्ही नवीन रेशमी माल कमी करत आणला आहे, सुती वाढवला आहे. पहिल्या दिवाळीला गल्ला थोडा कमी झाला, हेही लपवत नाही.

जाऊबाई म्हणाल्या, "मग आहेत त्या साड्या काय जाळायच्या?" मुळीच नाही. जीव गेला तो गेला, आता वस्त्राचाही अपमान कशाला? माझ्या सासूबाईंचा शालू मी फाटेपर्यंत जपणार आहे. पण नवीन नाही. आणि पूजेला मी सुती साडी नेसते. कोणी रेशमी नेसून शेजारी बसली तर माझ्या मनात तिच्याविषयी काही येऊ नये, हा प्रयत्नही व्रताचाच भाग समजते. तो सगळ्यात कठीण आहे बाई! कोश फोडून पतंग बाहेर पडल्यावर सूत काढलेलं 'अहिंसा रेशीम'ही मिळतं. ते घ्यायचं असेल तर कुठून येतं ह्याची खात्री करून घ्या, नुसत्या नावावर जाऊ नका.

आणि माझ्या भाचीने विचारलं, "मावशी, कापूस काय निर्दोष आहे?" नाही. आपण कापसाच्या जिल्ह्यातल्या बाया, आपल्याला हे कोणी सांगायला नको. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कीड तर मरतेच, माणूसही मरतो. म्हणूनच नुसतं 'रेशमी सोडलं, सुती धरलं' एवढ्याने भागत नाही. आकडा कमी केल्याशिवाय कोणतंही वस्त्र अहिंसक होत नाही.

एक गोष्ट मात्र आपण सगळ्या मिळून लगेच करू शकतो, ती म्हणजे लग्नातल्या मानपानाच्या साड्या. खरं सांगा, त्या कोण नेसतं? ह्या लग्नात आलेली त्या लग्नात जाते, घडीही मोडत नाही. देणारीला कर्ज, घेणारीला अडगळ, आणि रंग आवडला नाही म्हणून बोलणं वेगळंच. आमच्या घरच्या पुढच्या लग्नात मी मानपानाच्या साड्या देणार नाही आणि घेणारही नाही. नातेवाईक चार दिवस बोलतील. बोलू देत.

गेल्या दिवाळीला मुलगा आणि सून आले होते, तेव्हा त्यांना घेऊन वर्ध्याला मगन संग्रहालयात गेले. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं होतं. कुमारप्पांनी ग्रामोद्योगाचं काम जिथे उभं केलं, तीच ही जागा. तिथेही वस्तूच मांडलेल्या आहेत. चरखे, हातमाग, घाणी, कागद, मातीची भांडी. पण तिथे वस्तू कशी झाली, कोणाच्या हाताने झाली, हे आधी दिसतं. मोठ्या दुकानात वस्तू चमकते आणि तिच्या मागचा हात, तिच्या मागचा जीव दिसेनासा होतो. इथे हात दिसतो म्हणून चमक लागत नाही. सून एका चरख्यापुढे बराच वेळ उभी होती. बाहेर पडताना तिने नैसर्गिक रंगातला एक खादीचा दुपट्टा घेतला, माझ्या गळ्याभोवती धरला आणि हसून म्हणाली, "आई, लेबल वाचा." मी चश्मा काढून वाचलं. एकच दुपट्टा घेतला. तो तेव्हापासून रोज वापरात आहे.

आता माझी एक विनंती. चातुर्मास लागायच्या आधी एका दुपारी, कोणी घरात नसताना, आपलं कपाट उघडा आणि फक्त मोजा. काही काढू नका, कोणाला देऊन टाकू नका, त्यागाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. किती आहेत, त्यातल्या जिवाच्या किती, वर्षभरात अंगाला किती लागल्या, एवढे तीन आकडे वहीत लिहा. मग त्याखाली चार महिन्यांचा नियम लिहा, आपल्याला झेपेल तेवढाच. भाद्रपदात दशलक्षण पर्वात उत्तम आकिंचन्याचा दिवस येईल, तेव्हा वही उघडून बघा.

माझा नियम सांगते. ह्या चार महिन्यांत नवीन वस्त्र शून्य, आणि रात्री मोबाईलवर दुकान बघायचं नाही. दुसरा जास्त जड जाणार आहे, हे मला आत्ताच कळतंय.

तुमचे आकडे मला कळवू नका. फक्त घरातली लेक किंवा सून असा काही प्रश्न विचारेल, तेव्हा माझ्यासारख्या रागावू नका.

जय जिनेंद्र.